हॉवर्ड हेक्राफ्ट, रहस्यकथेचा अभ्यास आणि आपली न झालेली सूची

पाटोपूल

हॉवर्ड हेक्राफ्ट (१९०५–१९९१) हे नाव मराठीत फारसं कुणी घेत नाही. रहस्यकथेचा पहिला भक्कम इंग्रजी इतिहास त्यांनी लिहिला. पुस्तकाचं नाव 'मर्डर फॉर प्लेझर', साल १९४१. एडगर ॲलन पो यांची 'रू मॉर्ग'ची कथा एप्रिल १८४१ मध्ये एका मासिकात आली होती, तिला त्या वर्षी शंभर वर्षं होत होती आणि हेक्राफ्ट यांनी मुहूर्त बरोबर साधला.

माणूस प्राध्यापक नव्हता. मिनेसोटात जन्म, शिक्षण तिथेच, मग न्यूयॉर्कच्या एच. डब्ल्यू. विल्सन कंपनीत नोकरी. ग्रंथालयांना लागणाऱ्या सूची, नियतकालिकांचे निर्देशांक, लेखकांचे चरित्रकोश हाच त्या कंपनीचा धंदा. स्टॅन्ली क्युनित्झ यांच्याबरोबर हेक्राफ्ट यांनी लेखकांचे जाडजूड कोश संपादित केले आणि पुढे ते कंपनीचे अध्यक्षही झाले. १९४६ मध्ये त्यांनी रहस्यकथेवरच्या टीकालेखांचं एक मोठं संकलन काढलं. रहस्यकथा कशी लिहावी यावरची नॉक्स यांची दहा पथ्यं (१९२९), व्हॅन डाइन यांचे वीस नियम (१९२८) आज कुणी उद्धृत करतं तेव्हा बहुतेकदा ते त्या संकलनातून आलेलं असतं.

आता मुद्दा. हेक्राफ्ट यांचा इतिहास टिकला तो मतांमुळे नव्हे. त्यांची कितीतरी मतं पुढच्यांनी खोडली. इंग्रज लेखक-समीक्षक ज्युलियन सिमन्स यांनी १९७२ मध्ये गुप्तहेरकथेकडून गुन्हेकथेकडे झालेला प्रवास मांडून सगळा नकाशाच बदलला. तरी हेक्राफ्ट यांच्या पुस्तकाच्या मागच्या भागातली निवडक ग्रंथांची यादी आणि पात्रांचा निर्देशांक अजून वापरात आहे. 'एलरी क्वीन' या जोडनावाने लिहिणाऱ्या दोघांपैकी फ्रेडरिक डॅने यांनी त्या यादीत भर घातली आणि आज ती दोघांच्या नावाने ओळखली जाते.

मराठीत बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांची एकट्याची हजारावर पुस्तकं. गुरुनाथ नाईक २०२१ मध्ये गेले, त्यांची बाराशेच्या वर सांगतात. सुहास शिरवळकर, एस. एम. काशीकर वेगळे. एवढं मोठं लेखन, आणि कोणतं पुस्तक कोणत्या साली, कुणी छापलं, किती पानांचं, याची विश्वासार्ह सूची नाही. शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची दोन भागांत आहे, १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५०. म्हणजे रहस्यकथांचा खरा पूर येण्याच्या सुमाराला दाते थांबतात.

आपल्या गोव्यातल्या ग्रंथालयांत आणि घरांत अजून अशी बरीच पुस्तकं आहेत. सूची करायची तर कशी, यावर जाणकारांनी लिहावं.

---

दाखल क्रमांक

धागा वेळेवर आला. सुरुवात एका नियमाने करा: पुस्तक हातात घेतल्याशिवाय नोंद नाही. मागच्या पानावरच्या 'आमची इतर प्रकाशने' या यादीवरून नोंद करायचा मोह होतो, पण त्या यादीतली काही पुस्तकं फक्त जाहीर झालेली असतात, छापली गेलेलीच नसतात. सूचीत एकदा असं भूत शिरलं की पुढचा प्रत्येक जण ते उतरवून घेतो. ऐकीव नोंद करायचीच असेल तर तिच्यापुढे फुली मारून ठेवा, आणि प्रत मिळाल्यावरच फुली काढा.

नोंदीत काय हवं: मुखपृष्ठावरचं नाव आणि आतल्या नामपृष्ठावरचं नाव (ही दोन वेगळी निघतात), लेखक जसा छापलाय तसा, नायकाचं नाव, मालेचं नाव व क्रमांक, प्रकाशक, मुद्रक, पत्ता शब्दशः, आवृत्ती, किंमत शब्दशः, पानं, आकार सेंटिमीटरमध्ये, बांधणी, प्रत कुठे आहे.

मुद्रकाचं नाव गाळू नका. प्रकाशक बदलतो, मुद्रक पुष्कळदा तोच राहतो, आणि बिनतारखेची दोन पुस्तकं शेजारी मांडायला तेच उपयोगी पडतं.

पणजीचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय (मूळ स्थापना १८३२ ची) आणि मडगावचं गोमंत विद्या निकेतन इथून सुरुवात करता येईल. कपाटाआधी दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात ती) बघायची परवानगी मागा. जीर्ण म्हणून काढून टाकलेल्या पुस्तकाचीही ओळ तिच्यात राहते, किंमत आणि दाखल तारखेसकट.

---

फोंडेकर

या पुस्तकांवर साल छापलेलंच नसतं, खरी अडचण ती. जुनं पुस्तक विकलं जात नाही म्हणून प्रकाशक मुद्दाम साल गाळत. मग काळ ठरवायचा कसा?

---

खिळेजुळणी

फोंडेकरबाब, पुस्तकच साक्ष देतं. फक्त प्रत्येक खूण 'याच्या आधी नाही' सांगते की 'याच्या नंतर नाही', हे वेगळं ठेवायला हवं.

किंमत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. नुसते आणे असतील तर पुस्तक साधारण त्याच्या आधीचं. '८ आणे / ५० न. पै.' (न. पै. म्हणजे नये पैसे) असं दोन्ही छापलेलं असेल तर संक्रमणाचा काळ. '७५ न. पै.' असेल तर १९५७ ते १९६४, कारण १ जून १९६४ पासून 'नया' शब्द गेला आणि नुसते पैसे राहिले. किंमत छापलेली आहे की चिकटवलेली, हे बघा. जुना साठा नव्या किमतीची चिठ्ठी लावून विकला जाई. चिठ्ठी खरवडू नका. पान उजेडासमोर आडवं धरा, खालची छपाई बहुधा वाचता येते.

पत्ता. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून. 'मुंबई ४' किंवा 'पुणे २' म्हणजे बहुधा त्याच्या आधीचं, 'मुंबई ४०० ००४' किंवा 'पुणे ४११ ००२' म्हणजे नक्की नंतरचं. दुसरी खूण पक्की, पहिली कच्ची. जुने ब्लॉक वापरणारे प्रकाशक पुढची काही वर्षं 'मुंबई ४' च छापत राहिले असणार, म्हणून पिन नाही एवढ्यावर १९७२ च्या आधी असं ठोकून देऊ नका.

लेखन. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. 'नाहीं, कांहीं, होतें, घरांत' असे अनुस्वार भरगच्च असतील तर जुळणी (छपाईसाठी खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, लावणं) जुन्या वळणाची. ही खूण तिघींत सर्वांत कमकुवत, कारण वयस्क जुळारी नियम आल्यावरही सवयीने जुन्याच पद्धतीने खिळे लावत. एकटी कधी वापरू नका.

शके. कुठे 'शके १८८०' दिसलं तर ७८ मिळवा, १९५८. पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचे महिने असतील तर ७९.

एक नमुना. समजा प्रत अशी आहे: मुखपृष्ठ आहे, नामपृष्ठ फाटलंय, किंमत 'रु. १.२५' छापलेली, पत्ता 'मुंबई ४', मजकुरात 'नाही, काही' विनाअनुस्वार, ग्रंथालयाचा दाखल शिक्का मार्च १९६९ चा. किमतीवरून १९५७ च्या आधीचं नाही. शिक्क्यावरून मार्च १९६९ च्या नंतरचं नाही. लेखनावरून १९६२ नंतरचं असण्याचा संभव. नोंद करायची: '[१९५७–१९६९, बहुधा १९६२ नंतर]', चौकटी कंसात. '१९६५ च्या सुमारास' असं मधलं साल घालायचं नाही. पुढचा माणूस 'सुमारास' गाळतो आणि १९६५ हे सत्य होऊन बसतं.

---

म्हादईतीर

गोव्यापुरती भर. १९६१ पूर्वी इथे आलेल्या पुस्तकांवर कधी विक्रेत्याचा रबरी शिक्का आणि स्थानिक चलनातली किंमत असू शकते. पोर्तुगीज रुपयाचे सोळा तांगे. १९५८ नंतर एस्कुद आले, एका रुपयाला सहा. एस्कुदातली किंमत दिसली तर ती प्रत १९५८ ते १९६१ च्या दरम्यान इथे विक्रीला होती. यावरून छपाईचं साल मिळत नाही, फक्त वरची मर्यादा मिळते. तरी अशी प्रत सोडू नका. सीमेपलीकडची मराठी रहस्यकथा पोर्तुगीज राजवटीत इथे वाचली जात होती याचा तो हातात धरता येण्यासारखा पुरावा आहे. शिक्क्याचा फोटो काढून नोंदीला जोडा.

---

पाटोपूल

खिळेजुळणी, हेच हवं होतं. 'आधी नाही, नंतर नाही' हे दोन स्वतंत्र रकाने करतो.

एक प्रश्न. तेच पुस्तक नाव बदलून पुन्हा निघालं तर कळणार कसं?

---

खिळेजुळणी

हस्तलिखितांच्या सूचीत ग्रंथाचा आरंभ आणि अंत उतरवून घेतात. तेच करा. तीन ओळी टिपा: पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य, शेवटच्या पानाचं शेवटचं वाक्य, आणि पान ५१ ची पहिली ओळ जशी तुटलीय तशी.

पहिल्या दोन ओळी जुळल्या की कथा तीच, नाव काहीही असो. मुखपृष्ठ नसलेल्या प्रतीही याच रस्त्याने ओळखता येतात, आणि रहस्यकथांच्या निम्म्या प्रतींना मुखपृष्ठ नसतंच. पान ५१ ची ओळ वेगळं सांगते: ती अक्षरशः त्याच ठिकाणी तुटत असेल तर जुळणी तीच, म्हणजे पुनर्मुद्रण. वेगळी तुटत असेल तर मजकूर नव्याने जुळवलाय, मग आत काही गाळलंय का ते तपासा. पानं कमी करून किंमत खाली ठेवायला प्रकरणं छाटली जाण्याची शक्यता असते.

फर्मे (एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेल्या पानांचे गठ्ठे) मोजा. क्राऊन आकाराच्या (साधारण १८.५ × १२.५ सेंमी) पुस्तकाचा फर्मा सोळा पानांचा, म्हणून ही पुस्तकं ९६, ११२, १२८ पानांची: सहा, सात, आठ फर्मे. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाला बारीक आकडा असतो, कधी शेजारी पुस्तकाच्या नावाचं आद्याक्षर. १७ ला २, ३३ ला ३, ४९ ला ४, ६५ ला ५. पृष्ठांक सलग दिसले तरी हे आकडे बघा, कारण दुरुस्ती करताना दुसऱ्याच पुस्तकाचा फर्मा त्यात शिवला गेलेला असू शकतो. पृष्ठांक जुळतात, कथा जुळत नाही, आणि वाचणाऱ्याला वाटतं लेखकच भरकटला.

---

बंद खोली

अभ्यासकांची गोष्ट निघालीय तर रॉबर्ट एडी यांचं नाव यायलाच हवं. बंद खोलीतल्या खुनाच्या आणि इतर अशक्य वाटणाऱ्या गुन्ह्यांच्या कथांची सूची त्यांनी १९७९ मध्ये काढली, १९९१ मध्ये वाढवून दोन हजारांच्या वर नोंदींची केली. तिची रचना बघण्यासारखी आहे. पुढच्या भागात लेखक, पुस्तक, गुप्तहेर आणि अडचण एका ओळीत: 'आतून कडी असलेल्या खोलीत भोसकून खून'. प्रत्येक नोंदीला क्रमांक. उकल मागच्या स्वतंत्र भागात, फक्त त्या क्रमांकाखाली. ज्याला पुस्तक वाचायचंय त्याचा आनंद शाबूत, ज्याला अभ्यास करायचाय त्याला मागचं पान उघडं.

आपली सूची ऑनलाइन होणार असेल तर उकलीचा तक्ता वेगळ्या फाइलमध्येच ठेवा. एकाच तक्त्यात रकाना लपवून भागत नाही, शोध घेताना तो मजकूर बाहेर येतो.

डॅने यांचं दुसरं काम लघुकथासंग्रहांवरचं, १९५१ चं. प्रत्येक पुस्तकाला त्यांनी तीन खुणा ठेवल्या: ऐतिहासिक महत्त्व, वाङ्मयीन गुण, दुर्मिळता. एखाद्या पुस्तकाला एक, एखाद्याला तिन्ही. मराठीला हे फार लागू आहे. अर्नाळकरांचं एखादं पुस्तक गुणांत सामान्य असेल, पण झुंजार किंवा काळा पहाड हे त्यांचे नायक तिथे पहिल्यांदा आले असतील तर 'ऐ' ही खूण हवीच. गुण नाही म्हणून इतिहासातून वगळायचं, ही चूक आपल्या समीक्षेने पुष्कळ वर्षं केली.

---

मडगावकर

हेक्राफ्ट यांच्या एका मुद्द्यावर बोलायचंय. त्यांच्या पुस्तकात हुकूमशहा आणि लोकशाही यांवर एक प्रकरण आहे. म्हणणं असं, की रहस्यकथेला पुराव्यावर चालणारा न्याय लागतो, म्हणून ती लोकशाहीतच फुलते. १९४१ मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, ते का लिहिलं गेलं हे समजतं.

पण आपल्या डोळ्यांसमोर उलटं उदाहरण आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत सेन्सॉर कडक होता, गोव्यात तर लग्नपत्रिकासुद्धा तपासून घ्यावी लागे. त्याच राजवटीत लिस्बनला १९४७ मध्ये 'व्हाम्पीरू' नावाची खिशात मावणाऱ्या रहस्यकथांची माला सुरू झाली आणि ती दशकानुदशकं चालली. दिनिश माशादु यांनी १९६७-६८ मध्ये 'डेनिस मॅक्शेड' असं इंग्रजी नाव घेऊन तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्याही मागे गेलं तर १८७० मध्ये एसा द कैरोश आणि रामालु ओर्तिगांव यांनी सिंत्राच्या रस्त्यावरच्या रहस्याची कादंबरी लिस्बनच्या दैनिकात पत्रांच्या रूपात, खरी घटना असल्यासारखी चालवली होती.

म्हणून म्हणतो, गोव्यात काम करणाऱ्याने पोर्तुगीज कपाटही बघावं. इथला वाचक एका हातात मराठी आणि दुसऱ्या हातात पोर्तुगीज रहस्यकथा धरू शकत होता. हा अभ्यास पुण्या-मुंबईत बसून होणार नाही.

---

बंद खोली

पटलं. हेक्राफ्ट यांच्या बाजूने एवढंच: त्यांचा रोख रहस्यकथा *लिहिली* कुठे जाते यावर आहे, वाचली कुठे जाते यावर नाही. इंग्रजी नाव घेऊन लिहावं लागणं हे त्यांच्या म्हणण्याला थोडा दुजोराच देतं. गुन्हा परक्या शहरात घडवला की आपल्या पोलिसांबद्दल काही बोलावं लागत नाही. मराठी नोंदीत 'घटनास्थळ' असा रकाना ठेवला तर आपल्याकडेही काही निष्पन्न होईल.

---

दाखल क्रमांक

घटनास्थळाबरोबर 'मूळ' असाही रकाना ठेवा: स्वतंत्र, भाषांतर, रूपांतर, किंवा मूळ न कळवता घेतलेलं. गो. ना. दातारांपासून इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून बेतलेल्या कथांची परंपरा आहे. 'रूपांतर' हा दोषारोप समजू नये. मूळ कोणतं ते सिद्ध करायला कथानक सारखं असणं पुरत नाही. निदान तीन तपशील जुळले पाहिजेत जे कथानकाला आवश्यक नाहीत: एखाद्या वस्तूचा रंग, एखादी वेळ, दुय्यम पात्राचं व्यंग. उसनं घेणारा नावं बदलतो, असे तपशील तसेच राहतात.

बंगालीत सुकुमार सेन यांनी भाषाशास्त्राचं काम सांभाळून गुन्हेकथेचा इतिहास लिहिला, १९८८ मध्ये. अमेरिकेत ॲलन ह्युबिन हे व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १९६७ मध्ये रहस्यकथेच्या अभ्यासाचं नियतकालिक सुरू केलं आणि १७४९ पासूनची सूची केली. विद्यापीठाची वाट न बघता हे काम होतं.

---

म्हादईतीर

प्रती हाताळण्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि गोव्यात तेच आधी सांगायला हवं.

हा कागद वृत्तपत्री. त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल तयार होतं, पान दुमडलं की तुटतं. म्हणून पुस्तक १८० अंशांत उघडून स्कॅनरच्या काचेवर दाबायचं नाही. ९० अंशांच्या खाचेत ठेवा, फोन स्टँडवर वरून सरळ धरा, दोन्ही बाजूंनी पांढरा दिवा.

बांधणी तारेची असते. दमट हवेत तार गंजते आणि गंज भोवतीचा कागद खातो, म्हणून मधली पानं आधी सुटतात. तार ओढून काढू नका. पातळ पातं घालून टोकं सरळ करा, एक एक उचला, आणि त्याच भोकांतून सुती दोऱ्याने शिवा. सेलोटेप अजिबात नाही: काही वर्षांत पट्टी निघून येते, गोंद तपकिरी होऊन आत मुरतो आणि अक्षरं जातात. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ.

आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि जून ते सप्टेंबर इथे ती त्याच्या बरीच वर असते. बुरशीचं पान ओल्या फडक्याने पुसलं तर डाग कायमचा बसतो. आधी सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या, मग मास्क लावून मऊ ब्रशने बाहेरच्या बाहेर झटका. कसर किंवा पोखरणारी कीड असेल तर पुस्तक झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, फ्रीझरच्या उणे १८ अंशांत दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. गार कागदावर लगेच दव धरतं, आणि किडीतून वाचवलेलं पुस्तक बुरशीला मिळतं.

---

फोंडेकर

सगळी पुस्तकं स्कॅन करून चढवता येतील का?

---

दाखल क्रमांक

नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क असतो. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, म्हणजे २०५६ अखेरपर्यंत. टोपणनावाने निघालेल्या आणि लेखक उघड न झालेल्या पुस्तकाचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षं, म्हणून तिथे खिळेजुळणींनी सांगितलेली काळाची मर्यादा थेट कामाला येते. सूचीतली माहिती देण्यावर बंधन नाही. नाव, साल, पानं, किंमत, आरंभवाक्य बिनधास्त द्या.

---

पाटोपूल

सगळ्यांना देव बरें करूं. तक्त्याचे रकाने ठरले: वर आलेले सगळे, शिवाय 'आधी नाही', 'नंतर नाही', आरंभवाक्य, अंत्यवाक्य, पान ५१, फर्मे, घटनास्थळ, मूळ, आणि ऐ/गु/दु. उकल स्वतंत्र फाइलमध्ये. पहिल्या फेरीत फक्त एका नायकाची पुस्तकं घ्यावी म्हणतो, कॅप्टन दीप. गुरुनाथ नाईकांची पुस्तकं गोव्यात जास्त मिळतील.

---

खिळेजुळणी

नायक घेऊ नका, एक कपाट घ्या. नायक धरला की हव्या त्या प्रती शोधत फिरता आणि शेजारची, मुखपृष्ठ नसलेली, तशीच राहते. कपाट डावीकडून उजवीकडे, दिवसाला दहा पुस्तकं, एकही न सोडता. पान ५१ फाटलेलं असेल तर ६७ घ्या, आणि तसं लिहून ठेवा.